तांदळाची दोन पोती आणि एक फळी

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस गावातल्या एका हळदीत माझ्या धाकट्या बहिणीखालची प्लॅस्टिकची खुर्ची मोडली. मागचे दोन पाय फाकले आणि ती मांडवात बसल्या जागी खाली आली. लागलं काही नाही. लोक हसले, तीही हसली, कुणीतरी दुसरी खुर्ची पुढे केली. ती तिने घेतली नाही. त्यानंतर कुठल्याही खुर्चीवर बसण्यापूर्वी ती तळहाताने बैठक दाबून पाहू लागली. एकदा मधोमध, एकदा कडेला. घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे.

टोकावड्याजवळ, माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आई आणि ती मिळून चहा-भजीचं छोटं हॉटेल चालवत. गिऱ्हाइकांसाठी प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या. बहीण भट्टीशेजारच्या लाकडी बाकावर बसे. मी एका वर्तमानपत्रात नोकरीला होतो आणि लोकलच्या सोयीसाठी आसनगावला खोली घेऊन राहत होतो. सुट्टीच्या दिवशी शहापूर-मुरबाड एसटीने, पुढे मुरबाडला गाडी बदलून घरी येत असे.

लाँगबोर्ड ही वस्तू आमच्या घरात आली ती पुढच्या दशकाच्या शेवटाला. घाटाखालच्या मोकळ्या रस्त्यावर चालवायला म्हणून मुंबईचे दोन तरुण आले होते. चहाला थांबताना त्यांनी आपापली फळी बाकाला टेकवून ठेवली. हातभर रुंदीची नाही, वीतभरापेक्षा थोडी जास्त. लांबी साधारण माणसाच्या छातीपर्यंत. खाली चार जाड चाकं. बहिणीने एकाला विचारलं, याच्यावर नुसतं उभं राहायचं असतं का. तो म्हणाला, उभं राहायचं, एका पायाने रस्ता ढकलायचा आणि मग दोन्ही पाय वर घ्यायचे. तिने मग विचारलं, मी उभी राहून बघू का.

त्यावर तो जे बोलला ते तिने मला पुढच्या शनिवारी जसंच्या तसं सांगितलं.

"ताई, या बोर्डवर नको. हा माझ्या वजनाला घेतलाय, मी बारीक आहे. तुम्ही चढलात तर मध्ये वाकेल आणि तुम्ही उगाच घाबराल. तुमच्या वजनाला कडक बोर्ड लागेल. जाड, रुंद आणि खालची रबरं पण कडक."

शिंपी छातीचं माप सांगतो तसं त्याने ते सांगितलं होतं. तिच्या वजनाविषयी तोवर कुणी एवढं सरळ बोललेलं मला आठवत नाही. नातेवाईक थट्टा करत, नाहीतर विषय टाळत.

"दादा, एक काम हाय," ती म्हणाली. "हसायचं नाय."

"मी हसत नाही."

"तू हसत नायस. तू प्रश्न विचारतोस. ते पण नको."

मी प्रश्न विचारले नाहीत. तिला स्वतःच्या वजनाला चालेल असा बोर्ड हवा होता. तिचं वय तेव्हा चौतीस होतं. सायकल ती कधी शिकली नव्हती. मोटारसायकलच्या मागे बसणं तिने त्या हळदीनंतर सोडलं होतं. आमच्या हॉटेलसमोरून रस्ता अगदी सौम्य उताराने पुलाकडे जातो. शाळेतून सुटलेली मुलं त्या उतारावर सायकलला पायडल न मारता जात, आणि मुलं गेली की बहीण झारा तसाच हातात धरून बघत राही. स्वतःच्या ताब्यात, चालण्यापेक्षा वेगाने, ती आयुष्यात कधी गेली नव्हती.

आईचं म्हणणं वेगळं होतं.

"पडली तर पडू दे. गुडघा फुटला तर बरा होतो," आई मला मोरीपाशी म्हणाली. "पण फळी मोडली तर? पुन्हा चार लोकांत? मग ती बाकावर पण नाय बसायची रे."

आईला काय भीती होती ते मला कळलं, आणि मलाही तीच होती.

त्या तरुणाने जाताना नंबर दिला होता. त्याच्याकडे जुन्या बोर्डाचे खालचे भाग पडून होते: चाकं आणि ती ज्या ॲल्युमिनियमच्या आसावर बसतात ते दोन जोड. आसाच्या मधोमध रबराच्या जाड चकत्या असतात. अंग झुकवलं की त्या दबतात आणि बोर्ड त्या बाजूला वळतो. हलक्या माणसाला मऊ रबर चालतं. जड माणसाखाली मऊ रबर पूर्ण दबून बसतं आणि बोर्ड भलत्या बाजूला कलतो. त्याने कडक रबरं घालून सगळा जोड माझ्या ऑफिसात आणून दिला. चाकं मोठी आणि किंचित मऊ निवडली, कारण आमच्या रस्त्यांवर खडी असणार हे त्याने गृहीत धरलं होतं. उरली ती वरची फळी. ती त्याने इथेच करून घ्यायला सांगितली. फक्त एक विचारलं, वजन नक्की किती?

ते कुणालाच माहीत नव्हतं. जवळच्या धसईच्या भातगिरणीत मोठा काटा होता. गिरणीवाला आईच्या माहेरचा. दुपारी गिरण बंद असताना आम्ही दोघं गेलो. बहीण काट्यावर उभी राहिली. गिरणीवाल्याने चष्मा वर करून आकडा वाचला, तो शंभराला थोडा कमी होता.

"बारदानाचं कापू का गो बाय?" त्याने विचारलं. पोत्याचं वजन करताना रिकाम्या गोणपाटाचं वजन वजा करतात, ते हे. भात ओला असला तर ओलीचंही कापतात.

"कापा. चपलांचं पण कापा," ती म्हणाली. "आणि ओल धरू नका. मी सुकी हाय."

तो इतका हसला की त्याला काट्याचा आधार घ्यावा लागला. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "उगाच घाबरत होते. मला वाटायचं दीडशे असंन."

फळी करायला धसईचेच मिस्त्री गाठले. दारं-खिडक्या करणारे, साठीच्या आसपासचे. त्यांना मी वर्तमानपत्रात असल्याचं माहीत होतं आणि ते मला नावाने कधी हाक मारत नसत. मी चाकांचा जोड त्यांच्यापुढे ठेवला.

"पत्रकार, हे काय, पाळणा का?"

"पाळणा नाही. उभं राहायची गाडी."

"कोन उभं राहनार?"

"मी," बहीण म्हणाली.

मिस्त्रींनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि कोपऱ्यातली सागाची फळी ओढली. एका दाराच्या कामातून उरलेली, सरळ रेषांची, गाठ नसलेली. मला ती पसंत पडली. बहिणीने बोटाने ठोकून पाहिली, तिलाही पडली.

ती भक्कम आहे हे कसं ठरवायचं, यावर आमचं तिघांचं एकमत झालं, आणि चूकही तिघांची. आमच्याकडे ओझं म्हटलं की पोतं. माळा पोत्याने जोखतात, बैलगाडी पोत्याने जोखतात, नवी खाटसुद्धा. मिस्त्रींनी दोन विटांवर फळी ठेवली. शेजारच्या दुकानातून तांदळाची दोन पोती आणून एकावर एक आडवी टाकली. म्हणजे तिच्या वजनापेक्षा थोडं जास्तच. मी जमिनीवर डोकं टेकवून खालून पाहिलं. फळी जराशी दबली असेल, नसेल.

"दोन पोती झेलली," मिस्त्री म्हणाले. "आता काय हत्ती बसवता?"

त्याच संध्याकाळी त्यांनी आस आणि चाकं बसवून दिली. घरी आईने हॉटेललगतच्या अंगणात पाणी मारून धूळ बसवली होती. बहिणीने ओढणी कमरेला बांधली, कॅनव्हासचे बूट घातले आणि माझ्या खांद्याला धरून एक पाय ठेवला. मग दुसरा.

फळी वाकली. मधला भाग चार बोटं खाली गेला आणि जमिनीपासून थोडाच राहिला. मोडली नाही, पण एक आवाज आला, सुक्या लाकडाचा. बहीण तशीच उभी राहिली. माझा खांदा तिने जोरात धरला होता. नंतर एक पाय उतरवला, दुसरा उतरवला आणि भट्टीकडे गेली. कढई रिकामी होती, तरी तिने झारा हातात घेतला.

आई माझ्याकडे बघत होती. मी फळी उलटी केली. फुटलेलं काही दिसत नव्हतं.

"पोती तर झेलली होती," मी म्हणालो.

भट्टीकडून बहीण म्हणाली, "पोतं उभं राहतं का रे दादा?"

ती चिडली नव्हती. काही वेळाने ती पुन्हा अंगणात आली आणि तिने पीठ चाळायची चाळण फळीवर आडवी ठेवली. "पोतं असं लोळतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत. सगळं वजन विटांवर जातं. मी दोन पायांवर उभी राहते. आणि पाय मध्येच येतात." तिने चाळण उचलून दोन वाट्या फळीच्या मध्यावर ठेवल्या. "असं."

एवढी साधी गोष्ट आम्हाला दुकानात सुचली नव्हती. मला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं. चूक फळी जोखण्याच्या पद्धतीत होती आणि पद्धत बदलता येते. तिच्या चेहऱ्यावरही तेच दिसलं. ती मिस्त्रींच्या नावाने एक शब्द बोलून हसली. तो शब्द आईने ऐकला नाही असं दाखवलं.

पुढच्या शनिवारी आम्ही फळी घेऊन परत धसईला गेलो. मिस्त्रींनी बहिणीचं म्हणणं ऐकलं, दोन वाट्यांचा प्रयोग पाहिला आणि कानामागची पेन्सिल काढली.

"मग आधीच सांगायचं ना बाय, तू उभी राहनार ते."

"सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस," ते म्हणाले. "पन मी पोतं आनलं."

या वेळी सागाचं एक लाकूड न वापरता प्लायचे थर घ्यायचं ठरलं. रुंदी वाढवली, तिचा पाय पूर्ण आडवा मावेल एवढी. लांबी कमी केली, कारण दोन आसांमधलं अंतर जितकं लांब तितकी फळी मध्ये जास्त दबते. थर गोंद लावून एकमेकांवर ठेवले. आता ते दाबून धरायला वजन हवं होतं, आणि मोठे शिकंजे मिस्त्रींकडे नव्हते. बहीण म्हणाली, "आणा की तुमची पोती." जुनी सागाची फळी खाली सपाट ठेवली, तिच्या मधोमध एक पातळ पट्टी, त्यावर गोंदाचे थर, आणि दोन टोकांवर एकेक पोतं. पट्टीमुळे नवी फळी मध्ये किंचित वर उचललेली सुकणार होती. म्हणजे माणूस उभा राहिला की ती सपाट होईल, खाली जाणार नाही.

गोंद पुरता सुकेपर्यंत ती पोती तशीच राहिली. दुकानदाराने मध्ये एकदा तांदूळ परत मागितला. मिस्त्रींनी त्याला बसवून चहा पाजला आणि तसाच पाठवून दिला.

परीक्षा या वेळी बहिणीने ठरवली. फळी विटांवर ठेवून मी आणि मिस्त्री दोघांनी तिच्या मध्यावर एकदम उभं राहायचं. आम्ही एकमेकांच्या कमरेत हात घालून चढलो. फळी सपाट झाली आणि थांबली.

"नाचा जरा," बहीण म्हणाली.

"नाचनार नाय," मिस्त्री म्हणाले. "माझं गुडघं."

"मग उड्या मारा. थोड्या."

आम्ही थोड्या मारल्या. दुकानाबाहेर तीन-चार माणसं थांबली होती. त्यांतल्या एकाने विचारलं, लग्न कुणाचं. बहिणीने त्याला सांगितलं, "या दोघांचं. आहेर आणलाय का?" फळीतून आवाज आला नाही. आम्ही उतरलो तेव्हा तिने स्वतः फळी उलटी करून, प्रत्येक थराच्या कडेवरून नख फिरवलं. कुठेही अडकलं नाही.

भाताची कापणी उरकली होती. महामार्गावर शिकणं शक्य नव्हतं. धसईच्या बाजूला शेतांमधून जाणारा एक रस्ता नव्याने डांबरी झाला होता. सकाळी त्यावर दुधाच्या मोटारसायकलींशिवाय काही नसे. पहिले काही शनिवार ती नुसती फळीवर उभी राहत असे आणि मी शेजारून चालत असे. माझं जुनं स्कूटरचं हेल्मेट तिच्या डोक्यावर. मग ती एका पायाने रस्ता ढकलू लागली. दोनदा पडली. एकदा शेतात गेली, तिथे पेंढा होता. फळी दर वेळी आपली पुढे जाऊन थांबत असे, आणि ती आधी फळीकडे जाऊन तिला खालून बघे, मग स्वतःच्या कोपराकडे.

ज्या दिवशी ती पहिल्यांदा त्या रस्त्यावरच्या उतारावरून गेली त्या दिवशी आईही आली होती, हळदीची पुडी घेऊन. उतार लहान आहे. तिने दोनदा ढकललं, दोन्ही पाय वर घेतले, गुडघे वाकवले आणि गेली. मी शेजारून पळत होतो, तो मागे पडलो. मध्ये खडीचा एक पट्टा होता. चाकं त्यावरून खडखडत पार झाली. खाली सपाटीवर वेग आपोआप संपला, तिने एक पाय टेकवला आणि उभी राहिली. वळून आम्हाला काही ओरडली, ते ऐकू आलं नाही. आईने पुडी कमरेला खोचली.

हॉटेल तेवढ्यापुरतं शेजारणीवर सोपवलं होतं. परत आलो तेव्हा दहाच्या एसटीची गिऱ्हाइकं येऊन गेली होती आणि खुर्च्या अस्ताव्यस्त पडल्या होत्या. बहिणीने हेल्मेट बाकावर ठेवलं. बोलता बोलता जवळची प्लॅस्टिकची खुर्ची पायाने ओढली आणि तीत बसली. खडीवर चाकं कशी वाजली ते ती सांगत होती. तिने तळहाताने काही दाबून पाहिलं नव्हतं, आणि हे तिच्या ध्यानात आलेलं नव्हतं.

माझ्या आलं. मी तोंड उघडलं असावं, कारण आईने मागून माझा शर्ट ओढला.

"बोलू नको," आई हळूच म्हणाली. "चहा ने तिला."

मी चहा नेला.