आईने मातीला हात लावला नाही

मातीचं घर बांधायचं ठरवलंय, हे मी आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तेव्हा तिने विचारलं, "अमेरिकेत सिमेंट मिळत नाही का?" मिळतं, म्हणाले. मग तिने फोन ठेवला आणि पुढचे आठ दिवस उचलला नाही.

तिचा राग मला कळत होता. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. गावाबाहेरच्या वस्तीत, कुडाच्या घरात ती वाढली आणि नोकरीची अर्धी वर्षं सरल्यावर तिने नागपुरात स्लॅबचं घर बांधलं. मे महिन्यात तो स्लॅब असा तापायचा, की गच्चीवर बादल्या ओतल्या तरी उशा गरम लागायच्या. पण त्या घराबद्दल कुणी तक्रार केलेली तिला खपत नसे. आणि तिची मुलगी इंजिनियर होऊन, अमेरिकेतल्या बेलव्ह्यू शहरात इतकी वर्षं नोकरी करून, पुन्हा मातीकडे निघाली होती.

डोंगररांगेपलीकडे, बेलव्ह्यूपासून अडीच तासांवर, आम्ही नवराबायकोने पाइनच्या रानात पाच एकर जागा घेतली होती. दोघांचंही काम घरून चालत होतं. तिकडचा उन्हाळा कोरडा आणि वणव्यांचा, हिवाळ्यात गुडघाभर बर्फ. जवळ गव्हाची शेती असल्याने काड हवं तेवढं. त्या काडाचे दाबून बांधलेले गठ्ठे विटांसारखे रचायचे आणि दोन्ही अंगांनी मातीचा जाड गिलावा करायचा. अशी भिंत उन्हाळ्यात थंड राहते, थंडीत ऊब धरते, आणि गिलावा नीट असला तर आगीलाही चटकन दाद देत नाही. छपरावर सोलर पॅनल लावायची, पावसाचं पाणी टाकीत साठवायचं, असं सगळं आम्ही कागदावर मांडलं होतं.

बेलव्ह्यूत एका पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, मी हे सांगितलं, तेव्हा एक मित्र म्हणाला, "यार, ग्रीन कार्ड मिळाल्यावर लोक मोठं घर घेतात. तुम्ही झोपडी बांधताय?" सगळे हसले. झोपडीत कधी राहावं न लागलेल्या लोकांना तो शब्द फार विनोदी वाटतो, हे मला शाळेपासून माहीत होतं. मी म्हणाले, हो, झोपडीच. झाली की जेवायला या.

बांधकामासाठी आम्हाला जी बाई भेटली ती साठीची होती. तिने अशी तीन घरं स्वतःच्या हाताने उभी केली होती. तिचं माझं पटायचं. एकदाच बिनसलं. बिनपाण्याचा संडास करू, असं ती म्हणाली. खाली डबा, वर लाकडाचा भुसा, दर आठवड्याला डबा काढून खताच्या ढिगात रिकामा करायचा. पाणी वाचतं, खत मिळतं. मी नाही म्हटलं. तिला वाटलं मला किळस आली. ती शास्त्र समजावू लागली. शेवटी मी तिला सांगितलं, की माझ्या देशात काही माणसांना जन्मामुळे हे डोक्यावरून वाहावं लागलं. अजूनही काहींना गटारात उतरावं लागतं.

"पण इथे तुझ्यावर कोण सक्ती करणार?" ती म्हणाली. "हे तुझं स्वतःचं घर आहे."

"म्हणूनच नाही म्हणतेय," मी म्हणाले. "माझ्या घरात हा डबा कुणी उचलणार नाही. मीसुद्धा नाही."

मग पर्यावरणाच्या हिशेबात घर अपुरं राहील, असं ती म्हणाली. राहू दे म्हटलं. आम्ही सेप्टिक टँक घातला. आमच्यासारखी घरं बांधणाऱ्या इतर लोकांनी नंतर यावरून नाकं मुरडली. मुरडू दिली.

भिंती रचून झाल्या आणि जूनमध्ये गिलाव्याला सुरुवात केली. आमच्याच जागेतली चिकणमाती होती. आठवड्यात एक अख्खी भिंत तडकली. बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या, आणि एका सकाळी दरवाजाशेजारचा मोठा पोपडा सुटून खाली आला. आतलं काड उघडं पडलं. बांधणारी बाई म्हणाली, तिने हे काम ओलसर हवेत केलंय, इथली माती आणि इथलं वारं तिला नवीन आहे. काउंटीचा, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाचा, बांधकाम इन्स्पेक्टर येऊन बघून गेला. पावसाळी दिवस सुरू व्हायच्या आत भिंती झाकल्या गेल्या नाहीत तर काड भिजेल, आणि मग मी राहायच्या परवान्यावर सही करणार नाही, एवढं त्याने शांतपणे सांगितलं.

त्याच आठवड्यात आई आली. तिकीट आधीच काढलेलं होतं. विमानतळावरच तिने सांगून टाकलं, "मी तुझ्यासाठी आलेय. त्या घरासाठी नाही."

बांधकामापुरती आम्ही जागेजवळ खोली भाड्याने घेतली होती; दोन दिवस ती तिथून बाहेर पडली नाही. तिसऱ्या दिवशी जागेवर आली. साडीवर स्वेटर, पायात माझे जुने स्पोर्ट्स शूज. तडकलेल्या भिंतीसमोर ती बराच वेळ उभी राहिली. मग तिने विचारलं, माती किती दिवस भिजवली होती? एक दिवस, मी म्हणाले.

"एक दिवसात काय होतं? काड घालून मुरू द्यायची. आंबूस वास सुटला पाहिजे. आणि कोरड्या भिंतीवर मारलीत ना? ती सगळं पाणी ओढून घेणार."

माझ्या नवऱ्याने तिला घमेलं दिलं, एकदा करून दाखवा म्हणाला. आईने हात मागे घेतले.

"मी सांगेन," ती म्हणाली. "हात लावणार नाही."

मग खुर्चीत बसून तिने आम्हाला सांगितलं. तिची आई आणि ती, गावातल्या मोठ्या घरांच्या भिंती लिंपायला जात. आठ-नऊ वर्षांची असताना तिने घमेली वाहिली. भिंत ओली असेपर्यंत त्यांचे हात चालत. वाळली, की उंबऱ्याच्या आत पाऊल चालत नसे. मजुरी अंगणात ठेवलेली असे, ती उचलून परतायचं. मास्तरीण झाले तेव्हा ठरवलं, पुन्हा चिखलात हात घालायचा नाही, ती म्हणाली.

हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी तिला म्हणाले, घर मोडून टाकू का? मनापासून विचारलं होतं. ती म्हणाली, "मोडतेस कशाला? स्वतःसाठी बांधतेयस ना? मग नीट बांध."

पुढचे तीन महिने ती रोज पाइनच्या सावलीत खुर्ची टाकून बसली. माती दहा दिवस मुरवायला लावली. वाळूचं प्रमाण वाढवायला लावलं. मातीचा गोळा करून खांद्याच्या उंचीवरून टाकायचा, फुटला तर चिकणमाती कमी, चपटा होऊन बसला तर पाणी जास्त, हे तिने शिकवलं. पातळ थर, आधी भिंतीवर पाणी शिंपडणं, वरून ओली गोणपाटं. बांधणाऱ्या बाईला मराठी येत नव्हतं आणि आईचं इंग्रजी शाळेतलं, पण "नो, नो, अगेन" एवढ्यावर दोघींचं भागलं. माझा नवरा कोपरापर्यंत मातीत असायचा. आईने बोटही बुडवलं नाही. एकदा तिच्या शूजवर थेंब उडाला, तर मला पुसायला लावला.

सप्टेंबरच्या शेवटी इन्स्पेक्टरने भिंतींत ओल मोजायची सुई घालून आठ ठिकाणी तपासलं आणि सही केली.

गृहप्रवेशाला आम्ही सकाळी बुद्धवंदना घेतली आणि दुपारी बेलव्ह्यूची मंडळी जेवायला आली. झोपडी म्हणणारा मित्रही आला. बाहेर गारठा होता; त्याने खिडकीच्या रुंद कट्ट्यावर बसून तीनदा विचारलं, हीटर खरंच बंद आहे का. त्याच्याबरोबर आलेल्या एक काकू भिंतीवरून हात फिरवत म्हणाल्या, "अगदी आमच्या आजोळच्या घरासारखं वाटतंय. दर वर्षी बायका लिंपायला यायच्या. काय हात होता त्यांचा!"

आई पोळ्या वाढत होती. ती थांबली.

"मग त्या बायका आत येऊन बसायच्या का?" तिने विचारलं.

काकूंनी भिंतीवरचा हात काढून घेतला. विषय बदलावा, हसून काही म्हणावं, असं माझ्या तोंडाशी आलं होतं. इतकी वर्षं मी तेच करत आले होते. त्या दिवशी केलं नाही. काकू हळूच म्हणाल्या, "नाही. नव्हत्या येत."

"हं," आई म्हणाली. "तुम्ही बसा. पोळी घ्या गरम."

काकू जेवल्या, आणि जाताना आईचा फोन नंबर घेऊन गेल्या. पुढे त्यांचं काय बोलणं होतं ते आईने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आई डिसेंबरमध्ये नागपूरला परतली. आता दर रविवारी ती मला फोन कॅमेऱ्यासमोर धरून भिंतींवरून फिरवायला लावते आणि वळचणीखालचा उत्तरेचा कोपरा पुन्हा दाखव म्हणते. तिथे केसाएवढी एक भेग आहे. वसंतात तिच्यावर एक हात द्यायला हवा, असं तिचं मत आहे. मी देणार आहे.