आत्याच्या खिशातला प्लग

कॉलेजच्या हिरवळीची निगा राखणाऱ्या बाईला प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळे आत्याच म्हणत. आधी हे काम तिच्या थोरल्या भावाकडे होतं. एकदा गवत कापायचं मशीन तुंबलं, म्हणून त्यानं आडवं करून पातं हातानं फिरवलं. इंजिनाला ठिणगी देणारा स्पार्क प्लग जागेवरच होता. इंजिनानं एकच उसळी घेतली. तेव्हापासून भाऊ बोटांवर आठपर्यंतच मोजतो, वर हसतोही. आत्या हसत नाही. पात्याला हात लावायच्या आधी प्लग काढून खिशात, हा तिचा कायदा.

त्या सकाळी पातं दगडावर आपटलं. गवत कापलं जाण्याऐवजी ओरबाडलं जाऊ लागलं. आत्यानं मशीन बंद केलं, प्लग खिशात टाकला, हवेची जाळी वर राहील असं मशीन कलतं केलं, पात्याला लाकडाचा ठोकळा अडकवला आणि पान्यानं नट सैल केला. पातं शेडमधल्या टेबलाला जोडलेल्या पकडीत आवळून, जाड हातमोजे चढवून ती कानस मारायला लागली.

तेवढ्यात महिन्याभरापूर्वी देखरेखीला आलेले साहेब धावत आले. "आत्या, अकराला पाहुणे येतायत! आता कसली धार लावत बसलात?"

"बोथट पात्यानं शेंडे फाटतात साहेब. दोन दिवसांत पिवळे पडतील."

"पाहुणे दोन दिवस राहणार नाहीयेत! पातं बसवा आणि दोन हात तसेच मारा वरून."

"नाही."

"नाही म्हणजे? मग उद्यापासून येऊ नका!"

आत्यानं तोल बघायला पातं मधल्या भोकातून भिंतीतल्या खिळ्यावर टांगलं. डावी बाजू खाली गेली. "जड आहे," ती पात्याला म्हणाली. साहेबांना वाटलं, आपल्याला.

ते तणतणत गेले आणि वॉचमनला घेऊन आले. त्यानं घाईघाईनं जुनं, गंजकं पातं बसवलं आणि दोरी ओढली. दहा वेळा ओढली. मशीन ढिम्म.

"प्लग कुठंय?" साहेब ओरडले.

"खिशात."

"द्या इकडं!"

"पातं खिळ्यावर आडवं राहिलं की."

ते आडवं राहिलं आणि गंजक्याच्या जागी चढलं तेव्हा साडेदहा वाजले होते. पाहुणे आले तेव्हा अर्धी हिरवळ गालिच्यासारखी होती, उरलेली अर्धी भावाच्या दाढीसारखी. आत्या त्यांच्या देखत कापत राहिली. मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी सात वाजता ती हजर. साहेब शेडच्या दारात, किल्ली मुठीत.

"काल काय सांगितलं होतं?"

आत्यानं खिशातून प्लग काढून पुढे धरला. "हा घ्या. नवा माणूस आला की त्याला द्या. फक्त आधी त्याची बोटं मोजून ठेवा. नंतर ताळा करायला बरं पडतं."

साहेबांनी प्लगकडे पाहिलं. मग, नकळत असेल, स्वतःच्या बोटांकडे. प्लग काही त्यांनी घेतला नाही. कुलूप उघडलं आणि बाजूला झाले.

"धन्यवाद म्हणायची पद्धत आहे," ते पुटपुटले.

"म्हणा की," आत्या म्हणाली, आणि आत गेली.