भांड्यांच्या बसला ट्रकचं इंजिन

आमचं दुकान चालायचं, म्हणजे अगदी चाकांवर चालायचं. सरकारी लिलावात निघालेली एक जुनी बस सासऱ्यांनी घेतली होती. तिची बाकडी उपटून दोन्ही अंगांना फळ्या ठोकल्या आणि त्यांवर हंडे, कळश्या, पराती, पातेली मांडली. आज तिसगावचा बाजार, उद्या घोडेगावचा, मग सोनईचा. रस्त्यात खड्डा आला की आतली सगळी भांडी एकदम वाजायची आणि वस्तीवरच्या बायका चूल सोडून दारात यायच्या.

लग्न होऊन मी पाथर्डीला आले तेव्हा माझं जग चुलीपासून आडापर्यंत होतं. पण बायका पुरुषाशी हंड्याच्या भावावरून मनसोक्त भांडत नाहीत. दोनदा विचारतात आणि निघून जातात. हे सासऱ्यांच्या ध्यानात आलं, सासूबाईंचे गुडघे धरलेले, तेव्हा नाइलाजानं मला गाडीवर पाठवलं. नाइलाज त्यांचा, चंगळ माझी. ड्रायव्हरच्या डाव्या हाताला एक मोडकी खुर्ची बांधली होती, तीवर बसून मी अर्धा नगर जिल्हा पाहिला. त्या बसवर माझा जीव होता. नवऱ्यापेक्षा जरा जास्तच होता म्हणा. हे वाचत असतील तर खुशाल वाचू देत.

गाडी चालवायचे आमचे हे. बस पेट्रोलची होती आणि अशी प्यायची, की मामंजी म्हणायचे, "हिच्याऐवजी म्हैस बांधली असती तर दूध तरी दिलं असतं." एका हिवाळ्यात करंजीच्या घाटात इंजिननं जे डोळे मिटले ते पुन्हा उघडलेच नाहीत. दोरानं ओढत तिला घरी आणली आणि मागच्या आवारात कडुलिंबाखाली उभी केली. मामंजींनी त्याच संध्याकाळी जाहीर केलं, की गाडी भंगारात घालायची आणि पेठेत एक गाळा घ्यायचा. हे आणि माझे दीर, दोघं भाऊ गादीवर बसतील, सुख लागेल.

गाळ्यात सुनेचं काम काय, हे कुणी बोललं नाही. बोलायची गरजही नव्हती. मी त्या रात्री भाकरी थापताना दोन भाकरी करपवल्या आणि सासूबाईंनी पहिल्यांदाच मला काही म्हटलं नाही.

यांनाही गादीवर बसायचं नव्हतंच. नगरला जाऊन यांनी एक इंजिन हुडकून काढलं. डिझेलचं, गिअरबॉक्ससकट, कुठल्याशा घाटात उलटलेल्या ट्रकचं. मामंजी हबकले. "उलटलेल्या गाडीचं काळीज आपल्या गाडीत घालतूस व्हय?" पण मुलाचा चेहरा बघून थोडे नरमले आणि अट घातली. मढीच्या जत्रेआधी गाडी स्वतःच्या पायानं आवाराबाहेर पडली तर राहील, नाहीतर भंगारवाल्याला सांगून ठेवलंय.

नगरहून मिस्त्री आले. वयस्क, दाढीला मेंदी, आल्या आल्या मला म्हणाले, "वहिनी, चाय लई गोड करू नका, झोप येती." तीन मोठ्या बल्ल्या उभ्या करून त्यांना साखळीची कप्पी टांगली. जुनं इंजिन वर उचललं गेलं तेव्हा मला उगाच भरून आलं. कितीही झालं तरी त्यानं मला सोनई दाखवली होती.

नवं म्हणजे जुनंच, पण आपल्या बसला नवं, ते धूड हातभर जास्त लांब निघालं. पुढची पट्टी कापा, इंजिनाखाली नवे पाय वेल्डिंग करा, मागचा शाफ्ट लेथवर नेऊन तोडून आणा, असं चाललं होतं. वजन पेलायला पुढच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यात एक पान वाढवलं. आणि भांडीवाल्याचं घर ते, डब्याडुब्याची काय वाण? क्लचचे बोल्ट वाटीत, गिअरबॉक्सचे तांब्यात, रॉकेलमध्ये भिजणारी दातेरी चाकं नव्या कोऱ्या परातीत. मामंजी येऊन परातीकडे बघायचे आणि कपाळाला हात लावून परत जायचे. मला मात्र त्या आवारात राबताना, चहा नेताना, हातातला पाना बदलून देताना एकच धास्ती होती. जत्रा जवळ येत होती.

शेवटी एका सकाळी इंजिन धडधडलं. काय तो आवाज! फळ्यांवर राहिलेली दोन-चार पातेली थरथरत कडेला आली. गल्ली जमली. मी काचेला हळदकुंकू लावलं, नारळ फुटला. मामंजींनी स्वतःच्या हातानं पुढच्या दोन्ही चाकांपुढं एकेक लिंबू ठेवलं. ती चिरडून गाडी पुढं गेली की दृष्ट निघते, इडापिडा टळते. यांनी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला, आणि बस मोठ्या दिमाखात मागं गेली. थेट कडब्याच्या गंजीत.

लिंबं जागच्या जागी. पिवळीधमक, अखंड.

कुणीतरी फिस्सकन हसलं. मिस्त्री गाडीखाली शिरले आणि डोकं खाजवत बाहेर आले. "दांडा उलट्या अंगानं लागला. पहिल्याच्या जागी रिवर्स झालाय, रिवर्सच्या जागी पहिला. बाकी समदं बेस हाय." सुधारायचं तर गिअरबॉक्स पुन्हा उतरवा, आणि तेवढी सवड जत्रेनं ठेवली नव्हती. पण मामंजींचं तिकडं लक्षच नव्हतं. ते लिंबांकडं बघत होते. म्हणाले, "देवानं सांगितलं. मागं फिरा म्हनतोय. भंगारवाल्याला निरोप धाडा."

मी सासऱ्यांशी समोरून कधी बोलले नव्हते. आमच्यात तशी रीतच नव्हती. बोलायचं ते नवऱ्याला, ऐकायचं सासऱ्यानं. मी पदर पुढं ओढला आणि मोठ्यानं म्हणाले, "अहो, मामंजींना विचारा, लिंबू गाडीच्या तोंडापुढं ठेवायचं असतं, का गाडी जाणार असंल त्या अंगाला?"

यांनी विचारायचा प्रश्नच नव्हता, मामंजी माझ्यापासून चार हातांवर होते. त्यांनी टोपी काढली, टाळू पुसली, पुन्हा घातली. मग तेही मुलाकडंच बघून म्हणाले, "तिला म्हनावं, उचल ती लिंबं आन् ठिव मागल्या चाकाच्या मागं."

मी उचलली. यांनी गाडी हळूच गंजीतून पुढं काढली आणि मी लिंबं मागल्या चाकांमागं ठेवली. मग यांनी पुन्हा पहिल्याच्या जागचा तो नवा रिव्हर्स टाकला आणि दोन्ही लिंबं चाकाखाली फुटली. मामंजींनी हात जोडले. मिस्त्रींनीही जोडले. मग गाडी पुढं वळून स्वतःच्या पायानं आवाराबाहेर पडली. पुढं कितीतरी दिवस हे गाडी चालवताना तोंडानं पुटपुटायचे, पहिला म्हणजे रिव्हर्स, रिव्हर्स म्हणजे पहिला, आणि मी शेजारी बसून त्यांचा जप मोजत हसायचे.

मढीची जत्रा झाली, धंदा बरा झाला. मग सोनईचा बाजार आला. गाडी उभी करून मी पायरीवर बसते न बसते तोच एक म्हातारी गर्दीतून आली. ओळखीची एवढीच, की दर खेपेला भाव करायची आणि काही न घेता जायची. आज तिच्या डोक्यावर बुडाला भोक पडलेला पितळी हंडा होता. जुनं भांडं वजनावर द्यायचं आणि वर थोडं घालून नवं घ्यायचं, त्या जुन्याला मोड म्हणतात.

"कुठं मेली हुतीस गं इतकं दिस?"

"गाडी बिघडली हुती, आजी."

"दुसरा भांडीवाला आल्ता. लई मागं लागला मोड दे म्हनून. म्या न्हाई दिली. म्हनलं, आमची यील."

आमची. पाथर्डीत मी सून होते, माहेरी दिल्या घरची होते. आमची असं मला लग्नानंतर पहिल्यांदाच कुणी म्हणालं होतं, आणि तेही नावगाव न विचारता. मी हंडा पारड्यात ठेवला. आतून यांनी विचारलं, "किती भरला?" मला काटा दिसेना. मी म्हटलं, "थांबा जरा."