अमावास्या चुकली तो दिवस

माझ्याआधी जायचं नाही, असं मी व्यंकूला दर भेटीत बजावत होतो. ऐकेल तर तो व्यंकू कसला... दोन महिन्यांपूर्वी सकाळी त्याच्या मुलाचा फोन आला, ‘काका, बाबा झोपेतच गेले.’ दाढीचा साबण तसाच तोंडावर घेऊन मी खुर्चीत बसलो. रडू आलं, नाही कशाला म्हणू? पण थोड्या वेळानं हसूही यायला लागलं. या माणसाची आठवण काढायची आणि हसायचं नाही, हे मला कधी जमलेलंच नाही.

तीसच्या दशकातलं सोलापूर. मी मैंदर्गीहून मामाकडे शिकायला आलेला, बोलण्यात अर्धी कानडी आणि गणितात पुरता ढ. व्यंकू भवानी पेठेतल्या तेलुगू विणकराचा मुलगा. आमच्यातला तिसरा गोपाळ, वकिलाचा. मास्तर फळ्यावर भूमितीची आकृती काढेपर्यंत व्यंकूचं उत्तर तयार असायचं. वर नकला करण्यात पटाईत. एकदा तो मास्तरांची खडू आपटण्याची लकब करून दाखवत होता आणि आमची हसून मुरकुंडी वळलेली. वळून बघतो तर मास्तर दारातच उभे होते. म्हणाले, ‘जरा जोरात आपट. मी एवढा मवाळ नाही.’

त्याच्या वडिलांना सगळी गल्ली नायना म्हणायची. त्यांना पोराची हुशारी कळत नव्हती असं नाही, पण मागावर हात कमी पडत होते. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, चाचणी परीक्षेत पास होऊन शाळेनं मॅट्रिकला बसवलं तर शीक, नाही तर माग धर. सगळं त्या एका चाचणीवर येऊन ठेपलं होतं.

गणिताचा पेपर शुक्रवारी सकाळी होता. व्यंकूनं नायनांना सांगून टाकलं, ‘शुक्रवारी अमावास्या, माग बंदच. माझी गरज लागणार नाही.’ अख्ख्या वर्गाची गणितं सोडवणाऱ्या या शहाण्यानं पंचांग मात्र अर्धवट बघितलं. अमावास्या लागत होती शुक्रवारी दुपारनंतर, आणि गल्लीनं सुट्टी धरली शनिवारची. शनिवारी काम नाही म्हणून शुक्रवारी पहाटे जो तो पांजणीला लागला. पांजणी म्हणजे साडीचा उभा ताणा गल्लीत लांबच्या लांब ताणून त्याला कुंच्यानं खळ लावायची. एकदा खळ लागली की थांबता येत नाही. ऊन तापायच्या आत कुंचा फिरवून धागे मोकळे केले नाहीत तर ते एकमेकांना चिकटतात आणि सगळं सूत वाया जातं.

मी आणि गोपाळ व्यंकूला शाळेत न्यायला गेलो, तर हा कोपरापर्यंत खळीत. चुलता तापानं पडलेला, शेजारी आपापल्या ताण्यात गुंतलेले. व्यंकू आमच्याकडे बघेना. ‘तुमी जावा,’ एवढंच म्हणाला. गोपाळनं पुस्तकं ओट्यावर ठेवली आणि बाह्या सरसावल्या. नायना पुढं आले.

‘तुमी नको. तुमचा पेपर हाय की.’

‘वेळेवर जाऊन तरी आम्ही काय लिहिणार आहोत, नायना?’ गोपाळ म्हणाला.

माझ्या बाबतीत ते शंभर टक्के खरं होतं. आम्ही कुंचे धरले. मी कुंचा इतका आडवातिडवा चालवला की नायना मला तेलुगूत काहीतरी बोलले. त्याचा अर्थ व्यंकूनं मला शेवटपर्यंत सांगितला नाही. धागे सुटे झाले तसे आम्ही तिघं शाळेकडे पळत सुटलो.

घंटा कधीच झाली होती. हेडमास्तर दार अडवून उभे. नियम म्हणजे नियम, आत सोडणार नाहीत, हे आम्हाला माहीत होतं. व्यंकू खाली मान घालून उभा राहिला. तेवढ्यात मागून धापा टाकत नायना आले. शाळेची पायरी त्यांनी कधी चढली नव्हती. त्यांनी हात जोडले. ‘सायेब, पोराला मी अडकवून ठेवलं. त्याला आत घ्या. लई हुशार हाय तो.’

बापाच्या तोंडून हे व्यंकू पहिल्यांदाच ऐकत होता. तो तिथंच रडायला लागला. हेडमास्तरांनी आमचे पांढरे झालेले हात बघितले, बाजूला झाले आणि म्हणाले, ‘वेळ वाढवून मिळणार नाही.’

वाढवून हवा होता कुणाला? खळ वाळून ताठ झालेल्या सदऱ्यात व्यंकूनं सगळा पेपर सोडवला आणि उरलेल्या वेळात माझ्याकडे बघून मास्तरांच्या खडू आपटण्याची नक्कल करत बसला. चाचणीत तो पहिला आला. मीही कसाबसा तरलो, ते कसं हे देव जाणे... पुढं तो पुण्याला शिकला, सोलापुरात गणिताचा मास्तर झाला, मग हेडमास्तर. खर्च करताना नायनांनी कधी कुरकूर केली नाही, उलट गल्लीभर मिरवले.

परवा तो जिथं हेडमास्तर होता त्या शाळेवरून जात होतो. आत परीक्षा सुरू झालेली. एक मुलगी धावत आली, फाटकापाशी थबकली, घाबरून घड्याळ बघायला लागली. माझ्यानं राहवेना. मी शिपायाला म्हणालो, ‘अहो, घ्या तिला आत.’

तो फाटक उघडतच होता. म्हणाला, ‘तुमी सांगायला नको, आजोबा. जुन्या हेडसरांनीच नियम घालून दिलाय. हितनं उशिरा आलेलं पोरगं माघारी जात न्हाय.’