आजोबा गायले तो रविवार

मी सहावीत होते त्या वर्षी आजोबांना अर्धांगाचा झटका आला. पेणच्या एका दवाखान्यात ते आयुष्यभर कंपाउंडर होते, निवृत्त झाल्यावरही सकाळी जाऊन बसायचे. तिथेच, बाटलीवर चिठ्ठी चिकटवता चिकटवता खाली कोसळले. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि बोलणं गेलं. तीन आठवडे इस्पितळात काढल्यावर वडिलांनी त्यांना आणि आजीला आमच्याकडे, रोह्यालगतच्या अष्टमी गावी आणलं. वडिलांची कंपनीत शिफ्ट असायची, तेव्हा पेणला राहून सेवा करणं जमणारं नव्हतं.

बोलणं गेलं तरी आजोबा अगदी मुके झाले नव्हते. एक शब्द उरला होता, 'बादली'. पाणी हवं तरी बादली, खिडकी लावायची तरी बादली. आमचं बोलणं त्यांना सगळं समजायचं. आपल्या तोंडून भलतंच निघालं हेही समजायचं, आणि मग ते डावा हात गादीवर आपटायचे. पहिल्यांदा मला हसू आलं होतं. आईने असं बघितलं की ते घशातच राहिलं.

घरी रोज संध्याकाळी प्रार्थना व्हायची. आजोबा असले की शास्त्र, म्हणजे बायबल, तेच वाचायचे, गीत तेच उचलायचे. आता ती पाळी आजीवर आली. आजीची श्रद्धा खणखणीत, पण सूर कच्चा. शिवाय ती प्रार्थनेत देवाशी सरळ भांडायची. "प्रभू, चाळीस वर्षं या माणसाने तुझी स्तुती गायली. तोंड बंदच करायचं होतं तर माझं करायचंस. मी तशीही जास्त बोलते." वडील डोळे मिटूनच हसायचे. आजोबा मात्र भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे.

मग तो रविवार आला. वडील पहिल्या शिफ्टला गेले होते, म्हणून पेणची उपासना चुकली होती. संध्याकाळी आजीने आजोबांचं आवडतं गीत उचललं आणि नेहमीसारखं भलत्याच वरच्या पट्टीत उचललं. पहिली ओळ कशीबशी पार पडली. दुसऱ्या ओळीला खोलीत आणखी एक आवाज आला. जाड, थोडा घोगरा, पण अगदी सुरात आणि शब्दांसकट!

आम्ही सगळे थांबलो. आजोबाही थांबले. घाबरून आमच्याकडे बघत म्हणाले, "बादली."

"थांबताय काय सगळे?" आजी ओरडली. "अहो, गा! गा तुम्ही!"

तिने पुन्हा सुरुवात केली, या वेळी खालच्या पट्टीत. आजोबा गायले. एक कडवं, दुसरं, तिसरं, चौथं. एकही शब्द चुकला नाही. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि डावा हात मांडीवर ताल धरत होता. वडील बाजारातून परत आले ते हातातल्या पिशवीसकट दारातच उभे राहिले. मी अनवाणी शेजारी धावले. शेजारच्या काकूंचं माहेर पेणकडच्या मिठागरांवरचं, आवाज तसाच मोकळा. "काय झाला गो? म्हातारबाबा बरा हाय ना?" म्हणत त्या ओल्या हातांनीच आल्या आणि ऐकून मटकन खाली बसल्या.

डॉक्टरांनी सांगितलं, बोलणं मेंदूच्या डाव्या बाजूला असतं, गाण्याचा भाग बराचसा उजव्या बाजूला, आणि ती बाजू शाबूत आहे. आजी म्हणाली, "उजवी बाजू शाबूत कोणी ठेवली?"

मला तर खेळच सापडला. त्या गीताच्या चालीवर मी विचारायचे, "आजोबा, चहा हवा काऽऽ?" महिन्याभराने त्याच चालीवर उत्तर आलं, "साखर कमी घाऽऽल." मग आमचं अख्खं घर गाऊ लागलं. आई भाजी गाऊन विचारायची, वडील गाऊन शुभरात्री म्हणायचे. एकदा मी विचारलं, "आवाज कोणी परत दिला, डॉक्टरांनी की देवाने?" आजोबा खूप विचार करून गायले, "चहा."

नाताळ जवळ आला तसं त्यांनी मला जवळ बोलावून गीतांच्या पुस्तकावर बोट ठेवलं, मग स्वतःच्या छातीवर. त्यांना उपासनेत साक्ष द्यायची होती, देवाने आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायचं होतं. दोन आठवडे आम्ही दोघं चोरून बसायचो. मी शब्द सुचवायचे, ते मान हलवायचे किंवा डोळे वटारायचे. आजीला पत्ता लागू द्यायचा नव्हता.

नाताळच्या दिवशी आम्ही रोह्याहून सकाळच्या गाडीने पेणला गेलो. वडिलांनी आणि काकूंच्या यजमानांनी आजोबांना खुर्चीसकट डब्यात चढवलं. पेणच्या छोट्या हॉलमध्ये सगळे "सलाम, सलाम" करत भोवती जमले. उपासना चालवणाऱ्या पाळकांनी साक्षीसाठी विचारलं आणि आजोबांनी डावा हात वर केला. मी हळूच पहिला सूर दिला.

"पाय गेला, हात गेला, प्रभू नाही गेला. बायको माझी..." आणि इथे ते अडले. ओठ हलले आणि बाहेर पडलं, "बादली!"

पहिले आजोबाच हसले, खदखदून, अर्ध्या चेहऱ्याने. मग सगळा हॉल हसला. त्यांनी पुन्हा सूर पकडला. "बायको माझी त्याच्याशी भांडली, म्हणून आवाज आला."

आजीने पदर तोंडाला लावला. परतीच्या गाडीत मात्र ती ऐकणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती, "भांडली म्हणे! सगळ्या मंडळीसमोर!" लोकांनी आग्रह केला तसं आजोबांनी रोहा येईपर्यंत ती साक्ष तीनदा गायली.

आजोबा पुढे तीन वर्षं जगले. काठी घेऊन ओटीपर्यंत चालू लागले. चालीशिवाय बोलता येणारे वीसेक शब्दही जमले. त्यातला पहिला शब्द म्हणजे आजीचं नाव. उभ्या संसारात त्यांनी तिला "अगं" सोडून दुसरी हाक मारली नव्हती. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "अहो, मुलं ऐकतायत."