ओवीचं राहिलेलं जावळ

"अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया," सोलापूरच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या. मग सोपं करून सांगितलं. रक्ताचा कॅन्सर. हाडांच्या मगजात रक्त तयार होतं, तिथंच बिघाड झालेला. तीन वर्षांची ओवी माझ्या मांडीवर बिस्कीट खात होती. महिनाभर येणारा-जाणारा ताप आणि पायावरचे निळे डाग, एवढ्यावरून आम्ही इथवर आलो होतो.

"बरी होईल. पण अर्धं काम दवाखान्यात आणि अर्धं तुमच्या घरी," मॅडम म्हणाल्या.

घरचं काम काय असतं ते ऐका. किमोनंतर न्यूट्रोपेनिया होतो, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी संपतात. प्लेटलेटही घटतात, मग साधं खरचटलं तरी रक्त थांबत नाही. गर्दी नको, शिळं नको, खोकणारं माणूस नको. आणि आमच्या जळकोटात आजारी माणसाला भेटायला न जाणं म्हणजे वैरच!

येणाऱ्याला दारातच थांबवलं की मी माजलेली सून. स्टेरॉइडनं ओवीचे गाल फुगले, तर एकजण म्हणाली, "बरी तर हाय की! चांगली गुबगुबीत झालीय." डोक्यात तिडीक जायची माझ्या. वर पुन्हा चहा करायचा.

मग केस गळाले. ओवीचं जावळ तिसऱ्या वर्षी तुळजापूरला, मामाच्या मांडीवर काढायचं ठरलेलं. ते उशीवरच आलं. सासूबाई एकेक बट उचलून रुमालात ठेवायच्या. "देवीचं व्हतं गं. आता काय म्हनंल ती?" भेटायला येणाऱ्यांनी त्यात तेल ओतलं: जावळ चुकलं म्हणूनच हे झालं. अहो, केस औषधानं गेले! किती घसा कोरडा केला, पण ऐकतंय कोण?

एका सकाळी मी नळावरून परत आले, तर अंगणात माझा भाऊ पाटावर बसलेला, मांडीवर ओवी. समोर न्हावी. उरलेल्या चार केसांवरून वस्तरा फिरवून झाला होता. कानामागं कापलं होतं आणि हळद दाबूनही रक्त थांबत नव्हतं.

"गर्दीत न्यायचं न्हाय म्हनले ना डॉक्टर? म्हनून घरीच केलं," सासूबाई म्हणाल्या.

मी जी ओरडले, ती गल्लीनं ऐकली. भावालाही सोडलं नाही.

दवाखान्यात पोचेपर्यंत रक्त थांबलं, पण दुसऱ्या दिवशी ताप चढला. अँटिबायोटिक, सलाईन, प्लेटलेटची पिशवी. ओवी डोळे उघडत नव्हती. मॅडम माझ्यावरच चिडल्या, "आई, वस्तरा? तुम्हाला कळत कसं नाही?"

आत एकाच नातेवाइकाला सोडायचे, म्हणून सासूबाई कायम बाहेरच्या बाकड्यावर असायच्या. त्या दिवशी त्या वॉचमनला न जुमानता आत आल्या. "तिला नका बोलू. म्या केलं."

मॅडमनी त्यांना खुर्ची दिली. रिपोर्टवर बोट ठेवून पेशी म्हणजे काय, वस्तरा का नको, सगळं समजावलं. सासूबाईंनी फिरून फिरून विचारलं. इतके महिने त्यांना माझ्याच तोंडून अर्धंमुर्धं कळत होतं, आणि सुनेचं कोण खरं मानतंय?

ओवीनं डोळे उघडले तेव्हा तिनं आधी आजीलाच हाक मारली. मला रागही आला आणि रडूही.

तुमच्या घरात असं लेकरू असेल तर एवढं करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला डॉक्टरांसमोर न्या. वॉचमन अडवेल, भांडा. मी अजून सासूबाईंना पुरतं माफ केलेलं नाही. पण आता दारात मला उभं राहावं लागत नाही, त्या बसतात. परवा शेजारीण प्रसाद घेऊन खोकत आली, तर म्हणाल्या, "आधी खोकला घरी ठिवून ये."

ओवीच्या डोक्यावर मऊ, काळी लव आलीय. तुळजापूरला जावळ कधी, असं शेजारणीनं दाराबाहेरूनच विचारलं. सासूबाईंनी ओवीच्या केसांवरून हात फिरवत उत्तर दिलं.

"औषध संपू दे. देवीला सांगितलंय म्या, लेकरू तुजंच हाय, जरा दम धर."