पल्याड म्हणजे कुठं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही, पीएच.डी.च्या मार्गदर्शकांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय — माहीत नाही. पेढे वाटून झाले, नावामागे डॉक्टर लागलं, आता त्या कामाबद्दल कुणी विचारतही नाही. म्हणून असेल.

माझा विषय होता बाहेरून आलेले मजूर — कागदपत्रं असलेले, नसलेले, आणि ते कागद तपासणारे. उमरग्यात हायवेलगत पत्र्याच्या खोल्यांत बंगाली फरशीवाले राहायचे. जमिला त्यांचा स्वयंपाक करायची. तिचा नवरा त्यांच्यातलाच एक. कॉलेजचे तास संपले की दुपारी मी तिच्याकडे जायचे. पहिल्याच दिवशी संमतीपत्रावर तिचा अंगठा घेतला होता. तुझं नाव, तुझं बोलणं बाहेर जाणार नाही, असं त्यात लिहिलेलं. मीच ते हिंदीत समजावून सांगितलं होतं.

त्या दुपारी अजून अंगावर आहेत. पत्रा तापलेला, हायवेवर ट्रकची घरघर, भाताच्या पातेल्यातून वाफ — आणि जमिला मोडक्या हिंदीत नदीबद्दल बोलतेय. नदी केवढी, तर समोरचा काठ दिसू नये एवढी. झोपेतून उठावं तर शेजारचं घर नाही, त्या जागी पाणी. मी टँकरच्या पाण्यावर वाढलेली बाई. एवढं पाणी मी स्वप्नातही पाहिलं नव्हतं. ऐकता ऐकता डोळे जड व्हायचे, खोलीच हलकेच तरंगायला लागलीय असं वाटायचं. मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू असायचं, म्हणून मी निर्धास्त. आणि मी पेंगायचे. हो, मुलाखत घ्यायला गेलेली बाई चक्क पेंगायची. पण कबूल करायचंय ते हे नाही.

अशाच गुंगीत एक शब्द कानावर पडला. "हमारा घर ओपार था, दीदी." मला गंमत वाटली. आमच्याकडे पल्याड म्हणतात, तसंच की हे! आणि आमच्याकडचं पल्याड म्हणजे नुसतं पलीकडे नाही हं. उमरग्यात एखाद्याला पल्याडचा म्हटलं की तो हद्दीपलीकडचा, कर्नाटकातला. माझ्या आईचं माहेर पल्याड. घरात निम्मं बोलणं कानडी, ते त्यामुळंच. पल्याड म्हणजे हद्द ओलांडून — याला दुसरा काही अर्थ असेल, असं माझ्या मनातही आलं नाही. वहीत लिहिलं, घर सीमेपलीकडे. पुढं ती काय म्हणाली? मला आठवत नव्हतं.

मग देशाबाहेरून घुसलेले शोधायची तपासणी निघाली. हवालदार आमच्याच गल्लीतले, मला ताई म्हणणारे. घरी आले, आईनं चहा दिला. जमिलाच्या कार्डावरचं गाव मोबाइलच्या नकाशात सापडत नाही म्हणाले, आणि कार्ड काय, कुठंबी करून मिळतंय. मग सहज विचारलं, तुमी त्यांच्यात ऊठबस करता, तुमाला काय वाटतं? मला गप्प बसता आलं असतं. अंगठा मीच घेतला होता ना? पण जाणकार म्हणून कुणी आपल्याला विचारलं की किती बरं वाटतं — तुम्हाला कधी वाटलंय? मी म्हणाले, ती पल्याडची आहे, तिच्याच तोंडून ऐकलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा-बायकोला उचलून नेलं.

संध्याकाळी मी ते रेकॉर्डिंग लावलं. आपण खरं तेच बोललो, अशी स्वतःची समजूत घालायला, दुसरं काय. "हमारा घर ओपार था, दीदी." मग ट्रकचा हॉर्न. मग माझा संथ श्वास. आणि त्यावरून तिचा आवाज, मला जागं न करता बोलल्यासारखा — "नदी खा गया. फिर एपार आ गया. दोनों पार एक ही जिला है."

ओपार म्हणजे नदीचा पलीकडचा काठ, एपार म्हणजे अलीकडचा. एवढंच. गाव पाण्यात गेलेलं, ते नकाशात दिसणार कुठून? मी पुन्हा ऐकलं, पुन्हा ऐकलं. ही मुलाखत माझ्या प्रबंधात नाही. नंतर मी ती काढून टाकली.

अजूनही तुम्ही म्हणाल, चूक झाली, चूक कुणाचीही होते. थांबा.

सकाळी मी ठाण्यात गेले. मोबाइल पर्समध्ये होता. आवारात बाकड्यावर ती दोघं बसलेली, पायाशी बोचकं. गाडी लागलेली. त्यांना कुठल्या तरी सीमेवर नेणार होते. कुठल्या, ते त्यांनाही माहीत नव्हतं. जमिला मला पाहून उठलीच. नवऱ्याला म्हणाली, दीदी आली. मग हवालदारांकडे वळून, "दीदी को पूछो. दीदी को सब बोला है."

तिला ठाऊकच नव्हतं.

रेकॉर्डिंग ऐकवलं तर? मी नाव फोडलं हे मार्गदर्शकांना कळणार, संमतीपत्राचा विषय निघणार. प्रबंध त्याच आठवड्यात सादर करायचा होता. गेटपासून बाकड्यापर्यंत जाताना हे सगळं माझ्या मनात येऊन गेलं, नीट, एकामागून एक. ऊन कोवळं होतं. कसलीही गुंगी नव्हती.

हवालदार म्हणाले, "काय सांगायचंय का, ताई? गाडी निघतीया."

मी म्हणाले, "तुमचं तुमी बघा."

जमिलाला मराठी कळत नव्हतं. मी तिच्या बाजूनं काहीतरी बोलले असं तिला वाटलं. तिनं माझे दोन्ही हात हातात घेतले, कपाळाला लावले, आणि गाडीत चढली.